पिवळ्या पाण्यातली गौर

बंदराच्या धक्क्याला आता ऑइलपेंट फासलाय. एक पायरी निळी, एक पिवळी, परत निळी. काळ्या घडीव दगडाला रंग लावायची बुद्धी ज्या कुणाला झाली, त्याला मला एकदा प्रत्यक्ष बघायचं आहे. वरच्या मोकळ्या जागेत सिमेंटचं गलबत उभं केलंय. त्याच्या शिडाला रंगीत दिवे, बुडाशी प्लास्टिकचं हिरवं गवत आणि बाजूला पाटी: ऐतिहासिक बंदर, आपला वारसा. पाटीच्या खांबावर गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळून त्यांचा थर झालाय. आणि या सगळ्याच्या खाली खाडी. खाडी आपण सवयीने म्हणायचं. फेस, पिशव्या, थर्माकोल आणि त्याखाली काहीतरी काळं, दाट, हलतंय की नाही ते कळत नाही असं.

मी तोंडाला ओढणी दाबून उभी आहे. पिशवीत दोन डबे आहेत. एकात दहीभात आणि दुसऱ्यात पाच खडे. हे खडे म्हणजे आमच्या घरची गौर. तीन दिवसांची पाहुणी म्हणून ती आली आणि परत गेलीच नाही, याला आता कित्येक वर्षं झाली. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न दोनदा ठरून मोडलं. तिसऱ्यांदा जमलंय, पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. गुरुजींनी वहिनीला सांगितलं की घरात गौर अडकून बसलेली असताना घरची मुलगी कशी निघणार, आधी तिला पाठवा. वहिनीने मला कल्याणहून बोलावून घेतलं. म्हणाली, "ती आणली तेव्हा तुम्ही बरोबर होतात ताई, आता पाठवणीही तुम्हीच करा." म्हणून मी इथे आले आहे. पाच खडे पाण्यात सोडायचे, हात जोडायचे आणि मागे न बघता निघायचं. एवढंच काम आहे आणि माझा हात पिशवीत जात नाही.

मला किळस लहानपणापासून फार. दुधावरची साय, कंगव्यात अडकलेला दुसऱ्याचा केस, ओल्या पायपुसण्यावर पडलेला पाय, कशानेही मला मळमळायचं. घरात सगळे हसायचे. "हिचं नाक काढून कपाटात ठेवा कुणीतरी, म्हणजे पोर चार घास जेवेल," असं काकू म्हणायची. काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे घर, स्वयंपाक आणि सणवार सगळं काकूच्या हातात. तिला मूलबाळ नव्हतं. मी आणि माझा भाऊ तिचेच होतो, आणि आम्हाला रागवायचा पहिला हक्कही तिचाच होता.

तेव्हा बंदर स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. ओहोटीला गुडघाभर चिखल उघडा पडायचा, त्यावर खेकडे धावायचे, माशांची खवलं पायरीला चिकटून सुकायची. पण चिखलाची मला कधी किळस आली नाही. त्याला एक थंड, खारट वास होता आणि तो वास पायांना लागून घरी आला तरी काकू फक्त तांब्याभर पाणी ओतायची. भरतीबरोबर रेतीचे पडाव, म्हणजे मोठ्या लाकडी होड्या, वर यायचे. त्यांना लावलेल्या डांबराचा वास, ओल्या दोरांचा वास, धक्क्यावर रचलेल्या गवताच्या भाऱ्यांचा वास. कधीकाळी इथून भात आणि इमारती लाकूड मुंबईला जायचं, असं वडील सांगायचे. दगडात मनगटाएवढ्या जाड लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून त्यांची आतली बाजू गुळगुळीत झाली होती. आम्ही त्यात हात घालून त्यांना राक्षसिणीच्या बांगड्या म्हणायचो. धक्क्याच्या टोकाला कौलारू जकातीची चौकी होती, रिकामीच, पण तिच्या ओट्यावर बसलं की खाडीचं वळण पार लांबपर्यंत दिसायचं.

भाद्रपदात याच धक्क्यावरून आमची गौर यायची. आमच्याकडे मुखवट्यांच्या नाहीत, खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावर जायचं, पाण्यातून पाच खडे उचलायचे, ताम्हनात तेरड्याच्या फुलांवर ठेवायचे आणि घरी आणायचे. जिच्या हातात ताम्हन, तिने त्याच पाण्याची चूळ तोंडात धरायची, वाटेत एक शब्द बोलायचा नाही, की मागे वळायचं नाही. घरी पोचल्यावर तुळशीपाशी चूळ टाकायची. घरची कुमारिका मी, त्यामुळे ताम्हन माझ्याकडे. पुढे काकू घंटा वाजवत चालायची आणि मी गाल फुगवून मागे. पाणी मचूळ लागायचं, खारट लागायचं, पण ते पाणी होतं. वाटेत मुलं मुद्दाम मला हसवायला बघायची. मी कधी हसले नाही, याचं काकूला फार कौतुक होतं.

मग लूम आले, कापड विणणारे यंत्रमाग. आमच्या आळीत ते नक्की कधी शिरले हे सांगता येणार नाही. आधी शेजारच्या नारपोलीकडून वाऱ्याबरोबर खटखट ऐकू यायची, मग मागच्या गल्लीतून, मग भिंतीपलीकडूनच. रात्री त्या आवाजात झोप लागायची आणि वीज गेली की शांततेने जाग यायची. कापसाचं तूस आमटीत पडायचं, पापण्यांना चिकटायचं. सायझिंगमध्ये सुताला लावायची खळ शिजायची, तिचा आंबूस वास सकाळच्या चहात उतरायचा. मी चहा सोडला तो तेव्हाच. शेवटी नाल्यावर डाइंगचे, कापड रंगवायचे कारखाने आले आणि नाला तर थेट धक्क्याशेजारी खाडीत उतरायचा.

पाण्याला रोज नवा रंग यायला लागला. सोमवारी जांभळं, मंगळवारी विटकरी. शाळेत जाताना आम्ही पैजा लावायचो, आज कुठला. मासे पोट वर करून पायरीला लागायचे आणि त्यांची पोटंसुद्धा रंगलेली असायची. काळ्या रंगाच्या दिवशी नासलेल्या अंड्यांचा वास यायचा. तो केसांत बसायचा आणि शिकेकाईनेही जायचा नाही. पडाव यायचे थांबले. एका रविवारी धक्क्यावरच्या कड्या कुणीतरी कापून भंगारात नेल्या. दगडाला भोकं उरली, त्यांत लोक विड्यांची थोटकं खोचायला लागले. जकातीच्या चौकीत चिंध्यांचं गोदाम झालं, मग कौलं गेली, मग दार गेलं आणि मग तिच्या भिंतीचा जो उपयोग आपल्याकडे प्रत्येक जुन्या भिंतीचा होतो तो सुरू झाला. कुणीतरी उपाय म्हणून तिथे सगळ्या धर्मांच्या देवांच्या फरशा बसवल्या. पुरुष फरशा सोडून शेजारी उभे राहायला लागले. देवांच्या नाकाशी वास तोच. बाहेरून कुणी पाहुणे आले की हेच पुरुष आमचं बंदर किती जुनं हे छाती काढून सांगायचे. मला तेव्हाही शिसारी यायची, आताही येते.

आळीतल्या बायका शहाण्या होत्या. त्यांनी एकेक करून धक्क्यावर यायचं सोडलं. शेजारणीने तर बांधकामाच्या खडीतून पाच दगड उचलले, नळाखाली धुतले आणि गौर बसवली. काकूला ते पटलं नाही. "खडीच्या ढिगातून कधी लेक माहेरी येते का?" ती म्हणाली. तिचं सासर, तिची सासू, सासूची सासू, सगळ्यांची गौर बंदरातून आली होती. काकूला घराबाहेर पडून वाजतगाजत करायचं वर्षातलं हे एकच काम होतं. त्यामुळे आम्ही दोघीच जात राहिलो. मी डोळे मिटून चूळ भरायची आणि घर येईपर्यंत श्वास अर्धाच घ्यायची. काकूच्या या हट्टाची मला लाज वाटायची आणि तिचा रागही यायचा.

मी नववीत होते त्या वर्षी काकूने ठरवलं की आता कारखान्यातच जाऊन सांगायचं. गौरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती मला घेऊन नाल्यावरच्या डाइंगमध्ये गेली. तिथला मुकादम यासीनभाई, उत्तरेकडचा माणूस, कोपरापर्यंत हात निळे. काकूने डोक्यावर पदर घेऊन आपलं हिंदी सुरू केलं.

"भाऊ, उद्या सकाळी हमारी गौर है. देवी आती है पानी में से. तो वो नाल्याचं पानी जरा बंद ठेवो ना. थोडाच वेळ."

यासीनभाईने हातातलं काम खाली ठेवलं. "बंद तो नहीं होगा बहनजी, मालिक का माल है। टंकी भर जाएगी।" मग काकूचं तोंड उतरलेलं बघून त्याने विचारलं, "देवी का काम है? शुभ काम?"

"हां, हां. एकदम शुभ."

"तो मैं देखता हूँ। आप आइए सुबह। मैं देखता हूँ।"

परत येताना काकू खुशीत होती. "माणूस चांगला आहे हो," असं ती वाटेत दोनदा म्हणाली.

सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो आणि बघतो तर खाडी पिवळीधमक. नुसती पिवळी नाही, डोळ्यांत घुसेल अशी. नाल्याच्या तोंडाशी वाफ निघत होती, पिवळा फेस पायऱ्यांवर चढत होता. एक मेलेली घूस त्या फेसातून सावकाश वाहत गेली, तीही पिवळी. आणि पायरीवर यासीनभाई उभा होता. अंघोळ करून, धुतलेला पांढरा कुर्ता घालून आला होता. हात तेवढे निळेच.

"आज काला माल चढ़ना था, बहनजी," तो म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "मैंने रुकवा दिया। मिस्त्री से झगड़ा किया। बोला, आज देवी का दिन है, पीला चढ़ाओ। हल्दी का रंग। देवी को अच्छा लगेगा ना?"

काकू त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती भडकेल, कारण ती भडकली की आळी गोळा व्हायची. पण ती म्हणाली, "फार चांगलं केलंत, भाऊ."

मी नेहमीसारखी खाली वाकले. तेवढ्यात तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं, जोरात, दुखेल इतकं. ताम्हन माझ्या हातातून घेतलं. स्वतः खाली उतरली, त्या फेसात हात घालून पाच खडे चाचपून काढले, तेरड्यावर ठेवले, आणि ओंजळीने ते पिवळं पाणी तोंडात घेतलं. यासीनभाई कौतुकाने बघत होता. पाणी कोमट होतं. माझ्या पायाला लागलं तेव्हा मला कळलं.

मग घंटा मी वाजवली आणि काकू मागून आली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून पिवळा ओघळ हनुवटीवर आला, मानेवरून ब्लाउजच्या काठात गेला. दोन्ही हातांत ताम्हन, पुसणार कशी? वाटेत लोकांनी नमस्कार केले. घरी आल्यावर तिने तुळशीत चूळ टाकली नाही. मोरीत टाकली. पाटावर गौर बसवली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग पुन्हा मोरीत गेली आणि आतडी पिळवटून निघावीत अशी ओकली.

मी दारात उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "काकू, तुला किळस आली?"

तिने भिंतीला हात टेकून माझ्याकडे बघितलं. तिची जीभ, दात, सगळं पिवळं. "म्हणजे काय? देवाने नाक तुला एकटीलाच दिलंय का?" ती म्हणाली. "दरवर्षी येते. तुझ्या तोंडात ते पाणी बघून मला घरी येईस्तोवर मळमळतं."

"मग आज घेतलंस कशाला? फेकून द्यायचं."

"तो माणूस समोर उभा होता ना गं, अंघोळ करून," ती म्हणाली, आणि परत ओकली.

त्या घरात किळस फक्त मला येते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मिठाच्या गुळण्या करणाऱ्या काकूच्या पाठीवरून हात फिरवताना मला पहिल्यांदा तिची लाज वाटली नाही, की तिचा राग आला नाही. ती माझ्यासारखीच होती. फक्त तिने ते कधी कुणाला दिसू दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गौरीला पाठवायचं होतं. काकूने शिदोरी म्हणून दहीभात केला, खडे पदरात घेतले, आणि आम्ही धक्क्यावर गेलो. आज काळा माल होता. राहिलेला सगळा एकदम चढवला असणार. डांबरासारखं पाणी, आणि तो नासलेल्या अंड्यांचा वास इतका की डोळ्यांतून पाणी आलं. काकू शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली. पदरातला एक खडा हातात घेतला, पाण्यावर धरला, आणि धरूनच राहिली. खूप वेळ. मग तिने तो परत पदरात टाकला, गाठ मारली आणि उठली.

"चल घरी."

"आणि गौर?"

"नाही जात ती."

घरी काका हबकले. "अगं, असं कुणी करतं का? गौर कधी ठेवून घेतात?"

"लेक आहे ती," काकू म्हणाली. "गटारात टाकायला आणली नाही मी. पाणी निवळलं की जाईल. तोवर राहील इथेच."

आणि ती राहिली. गेलीच नाही तर पुढच्या वर्षी आणायची कुणाला? भाद्रपदात तेच पाच खडे धुवून पाटावर बसायचे. त्यांचा पिवळेपणा चिंचेने गेला नाही, राखेने गेला नाही. दुसऱ्या वर्षी यासीनभाई आमच्या दारात येऊन अदबीने विचारून गेला, यंदा कुठला रंग सोडू म्हणून. काकू म्हणाली, "इस साल नहीं, भाऊ. देवी घरमेंच राहिली." त्याला ते फार आवडलं. "अच्छा हुआ, बहनजी। घर में बरकत रहेगी," असं म्हणत तो गेला. काकूने दार लावलं आणि कपाळावर हात मारला, पण हसली.

नव्वदचं दशक असंच गेलं. पावसाळा सरला की काकू भावाला धक्क्यावर पाठवायची. "बघून ये रे, निवळलं का." तो जायचा, नाक धरून परत यायचा. माझं लग्न झालं तरी दिवाळीला मी आले की तिचा तोच प्रश्न. मी बघून यायची आणि सांगायची, नाही काकू. ती मान हलवायची आणि गौरीसमोरचा दिवा सारखा करायची. तिला खरंच वाटायचं की कधीतरी मी हो म्हणेन. ती गेली त्या आजारपणातही तिने एकदा विचारलं. खोटं बोलायला हवं होतं असं सगळे म्हणाले. मी बोलले नाही. काकूला माझ्या नाकाचा भरवसा होता, तो मी शेवटी मोडणार नव्हते.

आणि आज मी त्याच पाण्यासमोर उभी आहे. सिमेंटच्या गलबतामागून एक जाड पाइप निघालाय, त्यातून जांभळं पाणी पडतंय, वारशाच्या पाटीच्या अगदी पाठीमागे. मी डबा उघडला. एक खडा उचलला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ मॅडम! इथं काय टाकायचं नाय!" गणवेशातला एक तरुण रखवालदार पायऱ्या उतरत आला. "हेरिटेज हाय ते. प्रदूषण होतं."

मी त्याच्याकडे बघितलं, मग पाइपकडे. मला हसू आलं, मग संताप आला. "पाच दगडांनी प्रदूषण होतं? आणि ते काय आहे? गुलाबपाणी?"

तो ओशाळला. "मला नका बोलू वो. मला सांगितलंय तसं मी करतो." मग त्याने डब्यात डोकावलं. "काय हाय ते?"

"गौर आहे. आमच्या घरची."

तो पुढे झाला, खडे बघितले. मग त्याने पाण्याकडे बघितलं, आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. वरचा ओठ नाकाकडे गेला, मान मागे गेली. "देवीला? ह्याच्यात टाकनार?" तो म्हणाला. "काय मॅडम... आमच्या कोन गावाला आई गौर आनते. ती तर पायपन नाय लावनार ह्या पान्याला."

हे पोर जन्मलं तेव्हा खाडी काळीच होती. त्याने इथे स्वच्छ पाणी कधी बघितलेलं नाही. आणि तरी त्याला किळस आली. त्या रंगवलेल्या, दिवे लावलेल्या, पाटी ठोकलेल्या धक्क्यावर मला जतन करण्यासारखी एवढी एकच गोष्ट दिसली. मी डब्याचं झाकण लावलं.

घरी वहिनी दारातच उभी होती. "पाठवलीत?"

मी डबा पुढे केला. तिने हातात घेतला, आतले खडे वाजले आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, अहो, पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. तुम्हाला माहीत आहे ना माझा जीव कसा टांगणीला लागलाय? तिसऱ्यांदा मोडलं तर पोर उभी राहायची नाही."

"माहीत आहे. उद्या तू चल. तुझ्या हाताने टाक. मी एक शब्द बोलणार नाही."

आतून भाचीचं बोलणं ऐकू येत होतं. फोनवर होती, कशाला तरी खुदखुदून हसत होती. वहिनी ते ऐकत उभी राहिली. ती अंबाडी गावची, नव्वदनंतर या घरात आली. पहिल्याच महिन्यात काकूने तिला धक्का दाखवायला नेलं होतं आणि ती तोंड दाबून पळत परत आली होती.

"अजून तसाच वास येतो?" तिने विचारलं.

"त्याहून वाईट."

तिने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग डबा घेऊन आत गेली. मी मागून गेले. तिने खडे ताटात काढले, एकेक करून, आणि नळ सोडला.

"मोडलं तर मोडलं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण आपली पोर असल्या ठिकाणी नाही पाठवायची."

आणि तिथला वारा लागलाय म्हणून तिने ते साबण लावून दोनदा धुतले.